चाऱ्याचे पीक आणि फुलंब्रीची विहीर

फुलंब्री तालुक्यातील कोणत्याही शेतकऱ्याला त्याच्या पिकांविषयी विचारावे. कापूस, मका, बाजरी, तूर, आले, गहू, हरभरा अशी नावे तो क्रमाने सांगेल. कोणत्या पिकाला किती पाणी दिले आणि गेल्या साली बाजारात काय मिळाले, हेही त्याला तोंडपाठ असेल. दावणीला बांधलेल्या दोन गायी वर्षभर काय खातात, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याला थोडे थांबूनच द्यावे लागते. बांधावरचे गवत, मक्याची धाटे, कुठूनतरी विकत आणलेला कडबा, मिळाले तर उसाचे वाढे. जसे जुळेल तसे. माणसाने काय खावे याचा विचार पेरणीच्या वेळी होतो, जनावराने काय खावे याचा विचार गव्हाण रिकामी झाल्यावर होतो. चारा हे पेरायचे, राखायचे आणि मोजायचे पीक आहे, ही कल्पनाच येथील शेतीच्या हिशेबात फारशी शिरलेली नाही.

यात दोष केवळ शेतकऱ्याचा आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. देशाच्या एकूण लागवडीखालील क्षेत्रापैकी जेमतेम ४ टक्के क्षेत्र चारापिकांना मिळते, असे कृषिशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. झाशीच्या भारतीय चारा संशोधन संस्थेने २०१३ साली मांडलेल्या अंदाजानुसार देशात हिरव्या चाऱ्याची तूट ३५ टक्क्यांहून अधिक होती. चाऱ्याला हमीभाव नाही, बाजार समितीच्या फलकावर त्याचा दर लिहिला जात नाही. ज्याचा भाव कोणी पुकारत नाही, त्याला रानात जागा कोण देणार?

एके काळी हा प्रश्न इतका तीव्र नव्हता, याचे कारण ज्वारी. ज्वारी एकाच वेळी माणसाची भाकरी आणि जनावराचा कडबा पिकवीत असे. चारा वेगळा पेरण्याची गरज पडू न देणारे असे ते दुपेडी पीक होते. ज्वारीचे रान कापूस आणि मक्याकडे गेले तेव्हा पैसा वाढला, परंतु कडब्याच्या गंजी रोडावल्या. कपाशीची पऱ्हाटी चुलीत जळते, जनावर ती खात नाही. मक्याच्या धाटांची कुट्टी होते आणि अलीकडे मुरघासही होऊ लागला आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण मका जनावराला मुख्यतः ऊर्जा देतो, प्रथिने त्यात कमीच. प्रथिनांसाठी मग सरकीची पेंड विकत आणावी लागते आणि दुधाच्या पैशांतला मोठा वाटा पेंडीच्या दुकानात परत जातो. फुलंब्रीचा देवगिरी सहकारी साखर कारखाना बंद पडला, तेव्हापासून वाढ्याचाही जवळचा आधार राहिला नाही. तसे पाहता वाढ्यावर जनावर जगते एवढेच. त्यातील ऑक्झलेटमुळे शरीरातला कॅल्शियम बांधला जातो आणि दुभत्या गायीची झीज होते.

या पार्श्वभूमीवर हिवाळ्यातील एका हिरव्या पिकाची दखल घ्यावयास हवी. त्याचे नाव बरसीम. मेथी, लसूणघास आणि बरसीम ही एकाच कुळातील भावंडे. तिघांचीही पाने तीन पर्णिकांची, बेलाच्या पानासारखी त्रिदळी. नवख्या माणसाला बरसीमचा वाफा लांबून मेथीचाच वाटावा. फरक आहे तो आयुष्याचा. लसूणघास, जिला जुन्या लोकांच्या बोलीत घोडाघास म्हणत, ती एकदा पेरली की तीन-चार वर्षे शेत अडवून बसते. बरसीम ही वर्षायू वनस्पती आहे. दसरा-दिवाळीच्या दरम्यान पेरावी, डिसेंबरपासून कापू लागावे, मार्च संपता संपता तिचा कारभार आटोपतो. उन्हाचा पारा पस्तिशीच्या पुढे गेला की ती वाढायचीच थांबते.

हे अल्पायुष्य हाच फुलंब्रीच्या दृष्टीने तिचा सर्वांत मोठा गुण होय. तालुक्यातून वाहणारी गिरिजा पुढे पूर्णेला आणि पूर्णेवाटे गोदावरीला मिळते. परंतु येथील बागायत नदीवर थोडी आणि विहिरीवर अधिक चालते. विहिरीचे पाणी दिवाळीला वर असते, संक्रांतीला उतरू लागते, गुढीपाडव्याला तळ दाखविते. लसूणघासेला जे पाणी एप्रिल-मे महिन्यांत द्यावे लागते, तेच नेमके येथे नसते. सधन बागायती भागात ती शोभते. येथे दुसऱ्या उन्हाळ्यातच ती विरळ होते आणि तिच्या जागी तण माजते. बरसीम पाण्याबरोबर येते आणि पाण्याबरोबर जाते. शिवाय दर वर्षी कोजागरीच्या सुमारास विहिरीत डोकावून त्या वर्षी किती वाफे पेरायचे, की एकही पेरायचा नाही, हे ठरविण्याची मोकळीक शेतकऱ्याकडे राहते. अवर्षणग्रस्त मुलखात ही मोकळीक मोलाची असते. बहुवर्षायू पीक म्हणजे आकाशाशी केलेला तीन वर्षांचा करार. आणि मराठवाड्याचे आकाश असे करार पाळत नाही हे १९७२ पासून पुन:पुन्हा दिसून आले आहे.

बरसीमचा भारतातील इतिहासही विचार करण्याजोगा आहे. नाईल नदीच्या खोऱ्यातील हे पीक. इजिप्तचा शेतकरी कापसाच्या आधी हिवाळ्यात ते घेई. त्यावर त्याचे बैल आणि म्हशी पोसल्या जात, आणि रानाचा कसही परत मिळे. १९०४ साली ते सिंधमधील मीरपूरखास येथे आणले गेले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि इजिप्शियन कापसाचे प्रयोगही तेथे त्याच सुमारास चालू होते. म्हणजे पुण्या-नाशिकचा कारभार पाहणाऱ्या त्याच सरकारच्या मुलखात हे पीक प्रथम रुजले. फुलंब्री त्या काळी निजामाच्या राज्यात होते. पुढे कालवे आणि कडक थंडी यांच्या जोरावर पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेश यांनी बरसीम आपलेसे केले. तेथील दुधाच्या सुबत्तेमागे या हिरव्या वाफ्यांचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रात मात्र ते कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत आणि काही दुग्धशाळांच्या आवारात अधिक, सामान्य शेतकऱ्याच्या रानात थोडे, असे राहिले. येथील हिवाळा आखूड हे त्याचे एक कारण खरेच. उत्तरेत पाच-सहा किंवा अधिक कापण्या मिळतात, येथे चार, फार तर पाच. पण चार कापण्यासुद्धा काही थोड्या नव्हेत.

किती मिळते, हा प्रश्न मग साहजिकच येतो. चांगल्या निगराणीखाली हेक्टरी ६०० ते ८०० क्विंटल हिरवा चारा धरला जातो. फुलंब्रीच्या छोट्या शेतकऱ्याला हेक्टरचा हिशेब कामाचा नाही, म्हणून तो गुंठ्यांत मांडावा. एका हेक्टरात सुमारे ९९ गुंठे. म्हणजे गुंठ्याला ६ ते ८ क्विंटल. पाच गुंठ्यांतून पूर्ण हंगामात ३० ते ४० क्विंटल. हा चारा चार महिन्यांवर वाटला तर रोज सरासरी २५ ते ३३ किलो पडतो. दोन दुभत्या जनावरांना रोज बारा-बारा किलो बरसीम आणि जोडीला मक्याची किंवा ज्वारीची कोरडी कुट्टी एवढ्याने त्यांचे बरेच भागते. बारा किलो हिरव्या बरसीममध्ये पाणी वजा जाता पावणेदोन किलोच्या आसपास कोरडा भाग असतो. त्यात १७ टक्क्यांच्या आसपास प्रथिने. साध्या, टरफलासकट काढलेल्या सरकी पेंडीच्या भाषेत सांगायचे तर दर जनावरामागे रोज सव्वा ते दीड किलो पेंडीएवढी प्रथिने घरच्या रानातून मिळतात. चार महिने, दोन जनावरे: वाचलेल्या पेंडीची पोती ज्याची त्याने मोजावीत. मक्याच्या धाटात जे नाही ते बरसीममध्ये आहे आणि बरसीममध्ये जे कमी आहे ते मक्यात आहे. मक्यासाठी प्रसिद्ध असलेल्या तालुक्याला याहून सोयीची जोडी मिळणे कठीण.

जागा कोणती घ्यावी, याचे उत्तरही मक्यानेच दिले आहे. कपाशीचे रान डिसेंबर-जानेवारीपर्यंत मोकळे होत नाही, तेथे बरसीमला वाव नाही. खरिपातील मका, बाजरी किंवा मूग-उडीद निघाल्यावर ऑक्टोबरमध्ये रिकामे होणारे, विहिरीजवळचे आणि शक्यतो गोठ्याजवळचे रान निवडावे. मध्यम ते भारी जमीन चालते, किंचित चोपण असली तरी बरसीम निभावून नेते. मात्र पाणी साचून राहणाऱ्या काळ्या जमिनीत मुळे कुजतात. नांगरट, दोन कुळवण्या आणि नीट सपाट केलेले छोटे वाफे. वाफा सपाट नसेल तर एका कोपऱ्यात बी पाण्यात बुडते आणि दुसऱ्यात कोरडे राहते. पुढचे सारे नुकसान या पहिल्या आळसातून होते.

बियाण्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण बरसीम फसते ते बहुधा बियाण्यात. हेक्टरी २५ ते ३० किलो म्हणजे पाच गुंठ्यांना दीड किलो बी लागते. महाराष्ट्रात वरदान, मेस्कावी, जे. बी. १ या वाणांची शिफारस आहे. वरदान झाशीच्या संस्थेचा, जे. बी. १ जबलपूरचा, आणि मेस्कावी या नावात इजिप्तचा जुना वाण अजून ओळखू येतो. इजिप्तमध्ये बरसीमचे दोन ठळक प्रकार आहेत. मिस्कावी प्रकाराला बुडखापाशी नवे कोंब फुटतात, म्हणून तो पुन:पुन्हा कापता येतो. फहल नावाच्या प्रकाराला फांद्या वरच्या वर फुटतात, म्हणून तो एकदाच कापायचा. भारतात वाढला तो पहिला. त्याच्या या बुडख्याच्या कोंबांवरच सारी शेती उभी आहे, हे कापणी करणाराने विसरता कामा नये.

उत्तरेकडून येणाऱ्या बियाण्यात कासनीचे बी मिसळलेले असते. कासनी हे तण बरसीमबरोबरच उगवते, बरसीमबरोबरच वाढते आणि दोन-तीन वर्षांत वाफ्याचा ताबा घेते. त्यावरचा उपाय इतका सोपा आहे की त्याचे आश्चर्य वाटावे. दहा लिटर पाण्यात अर्धा ते एक किलो मीठ विरघळवावे आणि त्यात बी ओतून ढवळावे. कासनीचे हलके बी आणि बरसीमचे पोचट दाणे वर तरंगतात, ते गाळून फेकून द्यावेत. तळाचे भरलेले पिवळे बी तेवढे घ्यावे. मात्र ते लगेच दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावे. मीठ राहिले तर उगवण बिघडते आणि त्यानंतर बियाण्याला चोळायचे जिवाणूही मरतात.

हे जिवाणू म्हणजे रायझोबियम. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतून हवेतील नत्र जमिनीत येतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हेलरीगेल याने १८८६ साली जगापुढे मांडले. त्याच्या कितीतरी आधीपासून कडधान्याची फेरपालट करणाऱ्या मराठी शेतकऱ्याला या गोष्टीचा परिणाम ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हते एवढेच. परंतु येथे एक मेख आहे. हरभऱ्याच्या गाठींतले जिवाणू बरसीमच्या मुळांना उपयोगी पडत नाहीत. बरसीमला तिच्या गटाचाच जिवाणू लागतो आणि ज्या रानात ती पूर्वी कधी झालेली नाही तेथे तो असण्याचा संभव कमी. म्हणून पहिल्या वर्षी बरसीमसाठीचे जिवाणू संवर्धक थंड केलेल्या गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळणे, सावलीत सुकविणे आणि त्याच दिवशी, शक्यतो उन्हे उतरल्यावर, पेरणे हे चुकवून चालत नाही. अनेक ठिकाणी पहिल्याच साली पीक पिवळे पडते, शेतकरी जमिनीला किंवा वाणाला दोष देतो आणि वाफा मोडतो. अशा वेळी एखादे रोप मुळासकट हलकेच उपटून गाठ नखाने फोडून पाहावी. आतून गुलाबी-तांबूस निघाली तर नत्राचे काम चालू आहे. गाठच नसेल किंवा ती आतून पांढुरकी असेल तर चूक पेरणीपूर्वीच झाली आहे.

नत्र हवेतून येत असला तरी स्फुरद जमिनीतूनच द्यावा लागतो. हेक्टरी ८० किलो स्फुरदाच्या हिशेबाने पाच गुंठ्यांना सिंगल सुपर फॉस्फेटचे अर्धे पोते पुरते. सुरुवातीच्या जोमासाठी दोन-सव्वादोन किलो युरिया, आणि आधी घातलेले चांगले कुजलेले शेणखत. याहून अधिक युरिया टाकणे म्हणजे स्वतः कमावणाऱ्या मुलाला घरबसल्या पैसे पाठविणे होय. तो मग कमवायचे सोडून देतो.

पेरणीची रीतही आपल्याकडच्या पाभरीच्या रीतीहून निराळी आहे. वाफ्यात चार-पाच सेंटिमीटर पाणी उभे करावे, ते थोडे गढूळ करावे आणि रात्रभर भिजवलेले बी त्यावर हाताने सारखे फोकावे. पाणी मुरते, गाळाचा पातळ थर बियाण्यावर बसतो. एवढे झाकण त्याला पुरे. मूठभर मोहरी किंवा थोडा ओट बियाण्यात मिसळला तर पहिली कापणी, जी एरवी विरळ येते, ती भरघोस होते. जिवाणू लावलेले बी मात्र फार वेळ पाण्यात भिजवू नये. भिजवणे आधी, संवर्धक नंतर. पहिली दोन पाणी पाच-सहा दिवसांच्या अंतराने हलकी द्यावीत, नंतर थंडीत दहा-बारा दिवसांनी आणि फेब्रुवारीनंतर आठ-दहा दिवसांनी.

पहिली कापणी ४५ ते ५० दिवसांनी, पुढच्या २५ ते ३० दिवसांनी. विळा जमिनीलगत चालवू नये. चार बोटे बुडखा राखावा, म्हणजे वर सांगितलेले कोंब शाबूत राहतात. रोजच्या वैरणीसाठी पाच गुंठ्यांचे सुमारे तीस छोटे वाफे पाडले आणि रोज एक कापला, तर शेवटचा वाफा कापून होईतो पहिला पुन्हा तयार झालेला असतो. सर्व वाफे एकाच दिवशी पेरले तर ते एकाच वेळी कापणीला येतात आणि निम्मा चारा जून होतो. तेव्हा आठवड्याच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत पेरणी करणे शहाणपणाचे. या व्यवस्थेचा एक लाभ हिशेबाच्या वहीत कोठेही उमटत नाही. वैरण आणणे हे आपल्या खेड्यांत बहुतेक घरी बाईचे काम आहे. दिवसभर दुसऱ्याच्या कपाशीत राबून संध्याकाळी बांध धुंडाळीत गवताचा भारा डोक्यावर आणणाऱ्या स्त्रीला गोठ्याशेजारी हुकमी वाफा मिळाला, तर तिचा रोजचा तास-दीड तास वाचतो. शेतीतील सुधारणांचे मोजमाप करणाऱ्या मंडळींनी हा तास कधी मोजला आहे काय?

आता पाण्याचा आक्षेप. तो खरा आहे आणि त्याला आडवळणाने उत्तर देण्यात अर्थ नाही. बरसीम हे पाणी मागणारे पीक आहे. हंगामात दहा-बारा पाळ्या लागतात. एका पाळीला सहा सेंटिमीटर पाणी धरले तर पाच गुंठ्यांना तीस हजार लिटर आणि बारा पाळ्यांना साडेतीन लाख लिटरांच्या वर जाते. टंचाईच्या तालुक्यात हा आकडा छातीवर येणारा आहे. म्हणूनच येथे एकरी बरसीमचा पुरस्कार करणे चुकीचे ठरेल. गुंठ्यांची गोष्ट होते आहे ती त्यासाठीच. त्याच पाच गुंठ्यांत ऊस लावला असता तर त्याने वर्षभरात याच्या तिपटीच्या आसपास पाणी घेतले असते आणि तेही भर उन्हाळ्यात. आल्याला पाणी द्यावे की चाऱ्याला, असा प्रश्न कोणी करील. आल्याचा बाजार चढला तर घर बांधून होते, पडला तर खर्च निघत नाही. दुधाचे पैसे थोडे असतात, पण संघाकडून ठरलेल्या दिवशी हाती पडतात आणि किराणा, शाळेची फी, दवाखाना त्यावर चालतो. दोन्ही पिकांना एका तराजूत घालणेच मुळात गैर आहे. एक नशिबाचे पीक आहे, दुसरे संसाराचे. आणि ज्या साली पाऊस दगा देईल, विहीर दिवाळीलाच अर्धी असेल, त्या साली वाफे तीसऐवजी दहा करावेत. तेही झेपणार नसतील तर ते रान कोरडवाहू हरभऱ्याला द्यावे.

दुष्काळाचा उल्लेख आलाच आहे तर छावण्यांविषयीही बोलले पाहिजे. २०१३ साली आणि पुन्हा २०१९ साली मराठवाड्यात गुरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या. छावणी ही जनावर वाचविण्याची अखेरची सोय होय आणि त्या त्या वेळी तिने ते काम केलेही. परंतु छावणीवर खर्च होणारा पैसा चारा पिकवीत नाही, तो दूरच्या उसाच्या मोळ्या वाहून आणतो. पाऊस बरा झाल्याच्या वर्षी चाऱ्याचे बी, पाऊस फसलेल्या वर्षी चाऱ्याची छावणी, असे दोन खर्च शासनापुढे असतात. पहिला क्षुल्लक असल्यामुळे त्याची बातमी होत नाही आणि बातमी होत नसल्यामुळे तो वेळेवर होत नाही. बरसीम दुष्काळ हटवील, असा दावा येथे कोणी करीत नाही. पण हिवाळ्याचे चार महिने ताज्या बरसीमवर काढले तर मक्याची कुट्टी आणि मुरघास त्या काळात कमी खर्च होतो आणि चैत्र-वैशाखासाठी शिल्लक राहतो. छावणीची पाळी महिना-दीड महिना उशिरा आली, तरी त्यात दावणीचे एखादे जनावर बाजारात मातीमोल जाण्यापासून वाचू शकते.

एक धोका स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे, कारण त्यात जनावर दगावते. कोवळे, दंवाने भिजलेले बरसीम उपाशी जनावराने पोटभर खाल्ले तर पोटात फेस धरतो, वायू कोंडतो, डावी कूस ढोलासारखी फुगते आणि मदत वेळेवर आली नाही तर तासा-दोन तासांत जनावर जाते. सकाळी आधी कोरडी कुट्टी घालावी, मगच बरसीम. कापलेला चारा तीन-चार तास सुकवावा. कोरड्यात मिसळून द्यावा. आणि जनावर वाफ्यात मोकळे कधीही सोडू नये. पोट फुगलेच तर पाव लिटर गोडेतेल हळूहळू, ठसका लागू न देता पाजावे आणि पशुवैद्यकाला बोलावणे धाडावे. पोळ्याला शिंगे रंगवून ज्याची पूजा करायची, ते जनावर माघात अशा निष्काळजीपणाने गमावणे परवडणारे नाही.

राहता राहिला प्रश्न बियाण्याच्या पुरवठ्याचा. बरसीमच्या पांढुरक्या फुलांवर मधमाश्या आल्या तरच दाणा भरतो, आणि दाणा भरण्याच्या सुमारास येथे ऊन तापते; म्हणून फुलंब्रीचा शेतकरी उत्तरेच्या बियाण्यावर अवलंबून राहणार, हे बव्हंशी गृहीत धरावे लागते. हौशी शेतकऱ्याने फेब्रुवारीअखेर एका वाफ्याची कापणी थांबवून, त्यावर कोणतीही फवारणी न करता, घरापुरते बी मिळते का हे अवश्य पाहावे. त्यावर विसंबून मात्र राहू नये. २०१४-१५ पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पशुधन अभियानात वैरण विकासाला स्थान आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे चारापिकांचे अनुभवी संशोधन आहे, परभणीचे विद्यापीठ तर मराठवाड्यासाठीच १९७२ साली स्थापन झाले. तेव्हा योजना नाही किंवा ज्ञान नाही अशी सबब चालण्यासारखी नाही. अडते ते वेळेपाशी. बरसीमची पेरणी नोव्हेंबरच्या मध्यानंतर गेली की एक कापणी हमखास बुडते. डिसेंबरात वाटलेले बियाणे वाटणाऱ्याच्या अहवालात बसते, शेतकऱ्याच्या वाफ्यात बसत नाही. त्यासाठी घटस्थापनेपूर्वी दीड-दीड किलोच्या पिशव्या, सोबत बरसीमच्याच गटाच्या जिवाणू संवर्धकाचे पाकीट आणि मिठाच्या पाण्याची कृती मराठीत छापलेला एक कागद, एवढे पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतून दूध घालणाऱ्या घरांपर्यंत पोहोचले पाहिजे. बियाण्याची मागणी त्यासाठी आषाढातच नोंदवावी लागेल. पावसाचा रंग तेव्हा कळलेला नसतो हे खरे. परंतु कोरड्या, थंड जागी नीट ठेवलेले बरसीमचे बी पुढच्या हंगामापर्यंत उगवणशक्ती राखते, आणि एखाद्या वर्षी ते पेरता आले नाही तर पुढच्या दसऱ्याला उगवण तपासून वापरता येते.